डावीकडची खुर्ची

३ नोव्हेंबर

लेकीने ही वही आणून दिली. "बाबा, रोज चार ओळी लिहा. मेंदूला व्यायाम होतो म्हणतात डॉक्टर." सत्तरी उलटलेल्या मेंदूला आता तालमीत घालणार. वही देखणी आहे, पण कंजूष. उघडली की एकच पान. शाळेतल्या आमच्या वह्या उघडल्या की दोन पानं पंखांसारखी पसरायची आणि मधल्या शिवणीत नाक घातलं की खळीचा वास यायचा. हल्ली सगळंच अर्धं मिळतं.

झालं ते थोडक्यात लिहितो. सतरा दिवसांपूर्वी सकाळी दाढी करत होतो. डाव्या हातातला आरसा बेसिनमध्ये पडून फुटला. उचलायला गेलो तर हात आलाच नाही, आणि पाठोपाठ पायानेही रजा घेतली. पक्षाघात. उजवा हात शाबूत आहे हे नशीब. अडतीस वर्षं त्याच हाताने मोजणी कचेरीत नकाशे काढले.

खोलीत आम्ही दोघे. उजवीकडच्या खाटेवर एक निवृत्त बस कंडक्टर आहेत, पायाने अधू, जिभेने धडधाकट. डावीकडे काय आहे विचारलं नाही. भिंत असावी.

डॉक्टरांनी सहा आठवड्यांची मुदत घातली आहे. आमच्या घराचं दार थेट रहदारीच्या रस्त्यावर उघडतं. दूध आणायचं तरी रस्ता ओलांडावा लागतो. तेवढं जमलं तर घरी. नाही तर गावाबाहेरचं शुश्रूषा केंद्र. लेकीने तिथे नाव घालून ठेवलंय. "नुसतं घातलंय हो बाबा." लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली, हिला सोडून मी चार दिवससुद्धा कुठे राहिलेलो नाही. मला केंद्रात जायचं नाही. हे इथे शाईने लिहून ठेवतो.

४ नोव्हेंबर

ही आज आली नाही. म्हणजे आवाज येत होता, पण माणूस दिसलं नाही. बहुधा दारात उभी राहून नर्सबाईंशी गप्पा मारते आणि तशीच परत जाते. सकाळभर "अहो, पाणी हवं का? अहो, इकडे बघा," असं चाललं होतं. मी कंडक्टरांना म्हटलं, "नको, आत्ताच प्यालो." ते हसत सुटले. काय झालं विचारलं तर म्हणाले, "काही नाही मास्तर, चालू द्या."

मी मास्तर नाही, हे त्यांना दोनदा सांगितलं. पण कविता म्हणणारा माणूस त्यांच्या लेखी मास्तरच.

६ नोव्हेंबर

माझा अपमान झाला आहे.

व्यायाम घेणारी फिजिओबाई आहे. वय लेकीपेक्षा कमी, हुकूम लेकीपेक्षा जास्त. तिने कागद पुढे करून घड्याळ काढायला सांगितलं. ज्याने तालुक्यांच्या सीमा केसाएवढ्या रेषेने आखल्या त्याला घड्याळ! काढलं. तिने शांतपणे विचारलं, "आजोबा, सगळे आकडे एकाच बाजूला का दाटीवाटीने उभे आहेत?" मी म्हटलं, "जागा तेवढीच होती."

मग समजावून सांगू लागली. डोळे ठीक आहेत, म्हणे, पण मेंदूने डाव्या बाजूची दखल घेणं सोडलंय. तिकडे जे असेल ते माझ्यासाठी नसतंच, आणि नाही हेही कळत नाही. म्हटलं, नसलेली गोष्ट मला दिसत नाही ही तक्रार कसली?

दुपारी जेवण निम्मंच वाढलं म्हणून मी कुरकुरलो. कंडक्टर काठी टेकत आले, ताट गर्रकन फिरवलं, आणि ताटात पुन्हा जेवण आलं. ही कसली हातचलाखी ते त्यांनी सांगितलं नाही. नुसते ओरडले, "पुढे सरका, पुढे सरका! डावीकडे जागा रिकामी आहे!"

९ नोव्हेंबर

आज बाईंनी एक नवाच खेळ खेळवला. तळमजल्यावर एक खोली आहे, मध्ये खुर्ची. फिजिओबाईने डोक्याला एक बोजड चष्मा बांधला, घोड्याला झापडं बांधतात तसा, आणि खोली नाहीशी झाली.

संत्र्यांची बाग! गवत, ऊन, पानांची सळसळ. चौथीत असताना शाळेमागे अशीच झाडं होती आणि गुरुजी मधल्या सुट्टीनंतर वर्ग तिथे भरवायचे. मी बघत राहिलो. कानात बाईचा आवाज, "आजोबा, बघत काय बसलात? फळं तोडा. चमकेल ते संत्रं. कुठल्याही हाताने, पण दोन्ही बाजूंची."

तोडली. उजवीकडची सगळी तोडली. खेळ संपल्यावर गुण दिसले, शंभरात चौतीस. मी म्हटलं यंत्र बिघडलंय, झाडं एकाच बाजूला लावली आहेत. ती म्हणाली, "पंचवीस फळं डावीकडे होती, आजोबा. तुम्ही एकदाही मान वळवली नाहीत."

पुढच्या पातळीत रस्ता आहे. गाड्या दोन्हीकडून येतात, पाय उचलून ओलांडायचा. दोन्ही पातळ्यांवर ऐंशीच्या वर गुण मिळाले की एका रविवारी घरी नेऊन खरा रस्ता. मग डॉक्टर सही करणार.

चौतीस. पाच आठवडे उरले.

१४ नोव्हेंबर

एक्केचाळीस. अडतीस. त्रेचाळीस. रोज तेच. चष्मा काढला की मान आखडलेली असते आणि घाम गळ्यापर्यंत. लेकीचा फोन आला. केंद्रात एक खोली रिकामी होते आहे, खिडकीची आहे, छान आहे, म्हणे. छान असू दे.

हिला आता मी ओळखून आहे. डावीकडे खुर्ची आहे आणि ही तिथे बसते. फिजिओबाईने तिला ताकीदच दिली आहे, डावीकडूनच बोलायचं. हाक मारली की मी हनुवटी खांद्याला लावून बघतो, मग दिसते. पण बोलायची थांबली की पुन्हा विरून जाते. पहिले आठ दिवस ती येतच नाही म्हणून मनात किती चरफडलो! हे तिला सांगितलेलं नाही. वही उशीखाली असते, तेव्हा तिला कळायचंही नाही.

१७ नोव्हेंबर

सापडलं!

खेळातली संत्री मनाला येतील तशी चमकत नाहीत. त्यांना क्रम आहे. उजवं, उजवं, मधलं, डावं खालचं, डावं वरचं, पुन्हा उजवं... बत्तीस फळं झाली की तोच क्रम पहिल्यापासून. हे मला डोळ्यांनी कळलं नाही, कानांनी कळलं. फळ चमकताना टिंग होतं, आणि त्या टिंगटिंगीत आठाआठांची चाल आहे. आमच्या चौथीच्या पुस्तकातल्या नावाड्याच्या कवितेची हीच चाल.

ऐलतीरी एक दिवा, पैलतीरी दुजा जळे,
नाव कुणाची मध्यात, पाण्याला काही ना कळे.

दोन ओळींत बत्तीस अक्षरं. गुरुजी डस्टरने टेबलावर ठेका धरायचे, "अर्थ मागाहून येईल रे, आधी चाल बसू दे." साठ वर्षं झाली, चाल अजून बसलेली आहे. आता एकेका अक्षराला एकेक फळ बांधून टाकायचं. चौथं आणि पाचवं अक्षर डावीकडे. न बघता येईल.

१९ नोव्हेंबर

सत्तर!

फिजिओबाईने टाळ्या वाजवल्या. हिने डावीकडून विचारलं, "अहो, खरंच दिसतंय का तुम्हाला?" मी म्हटलं, "नाही तर काय हवेत हात मारतोय?"

२२ नोव्हेंबर

ब्याण्णव.

रस्त्याची पातळीही तशीच निघाली. लाल गाडी, ट्रक, सायकल, मोकळं, पांढरी गाडी. तिला दुसरं कडवं बांधलं. आज अठ्ठ्याऐंशी. डॉक्टर खाली आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला. येता रविवार सोडून पुढचा, एक डिसेंबर. खरा रस्ता.

कंडक्टर उद्या घरी जातात. संध्याकाळी चहा घेताना हळूच म्हणाले, "मास्तर, खेळताना ओठ हलतात तुमचे."

"कविता म्हणतो. त्याने मन लागतं."

"लागू दे की. पण मी तीस वर्षं तिकिटं तपासली आहेत. पास दाखवताना ज्याचा अंगठा तारखेवर असतो, तो मला लांबून कळतो." मग माझा डावा हात स्वतःच्या हातात घेऊन म्हणाले, "विनातिकीट चाललाय तुम्ही. आत्ताच सांगून टाका पोरीला. ओरडेल, दुसरं काय करील?"

मी म्हटलं, तुम्हाला आकडे दिसतात, माझे कष्ट दिसत नाहीत. पाठांतर हीसुद्धा विद्याच आहे. ते उठून गेले. सकाळी न बोलताच जातील बहुधा. उजवीकडची खाट रिकामी झाली तर मी कुणाकडे बघू?

२६ नोव्हेंबर

चौथीतली एक गोष्ट सारखी आठवते आहे. का, ते कळत नाही. गुरुजींनी मला उभं करून वाचायला सांगितलं. मी पुस्तक धरून खडाखडा वाचलं. वर्ग गप्प. गुरुजी जवळ आले, माझ्या हातातलं पुस्तक सुलट केलं आणि जागेवर जाऊन बसले. एक शब्दही बोलले नाहीत. छडी मारली असती तर विसरून गेलो असतो.

वही संपत आली. इतकी जाड दिसते आणि पानं किती थोडी!

३० नोव्हेंबर

उद्या. हिने घरी चादरी धुतल्या, दाराशी आधाराला दांडा बसवून घेतला. लेक गाडी घेऊन येणार. मी कविता सकाळपासून चाळीस वेळा म्हटली.

२ डिसेंबर

ही दुसऱ्या मजल्यावर, हाडांच्या विभागात आहे. उजवं मनगट मोडलं. दोन ठिकाणी. माकडहाडाला मार आहे. डोक्याला लागलं नाही. डोक्याला लागलं नाही. डोक्याला लागलं नाही.

४ डिसेंबर

लिहायला हवं.

लेकीने गाडी समोरच्या बाजूला लावली, कारण ओलांडणं हीच तर परीक्षा. फिजिओबाई आमच्यामागे दोन पावलांवर. उजव्या हातात काठी. ही डावीकडे. आमचं दार समोर दिसत होतं, त्यावरचा निळा रंग, माझ्या हाताने लावलेली पाटी. मी उजवीकडे बघितलं. मोकळं. कविता सुरू केली. दुसऱ्या अक्षराला ट्रक असतो, तो आला नाही, तरी मी थांबलो. इतका थांबलो, म्हणजे काळजी घेतलीच ना? मग जिथे मोकळं असतं त्या अक्षरावर पाऊल टाकलं.

रस्ता मोकळा होता. मी शपथेवर सांगतो, मोकळा होता. आणि मग दंडाला एक हिसका बसला, मी फिजिओबाईच्या अंगावर मागे पडलो, आणि समोर, जिथे काहीही नव्हतं तिथे, एक स्कूटर आडवी पडली होती आणि ही जमिनीवर बसली होती, हात विचित्र वळलेला. स्कूटरवाला ओरडत होता, "काका, समोर बघून चाला की हो! किती हॉर्न वाजवला!"

स्कूटर कुठून आली? लेकीला विचारलं. ती म्हणाली, "डावीकडून, बाबा. रिकाम्या रस्त्यावरून सरळ येत होती. आम्हा सगळ्यांना दिसत होती."

अडतीस वर्षं नकाशे काढले. कोऱ्या जागेला आम्ही 'अमोजित' असं लिहायचो. तिथे काही नाही असं कधी लिहिलं नाही. एवढं तर मला ठाऊक असायला हवं होतं.

५ डिसेंबर

फिजिओबाईला सगळं सांगितलं. संत्र्यांचा क्रम, ठेका, कुठल्या अक्षराला कुठलं फळ. म्हणूनही दाखवलं. ती स्टुलावर बसून ऐकत होती. मला वाटलं ओरडेल. ती रडायलाच लागली. "माझंही चुकलं आजोबा. मी आकडाच बघत बसले. तुमची नजर बघायला हवी होती." मग डोळे पुसले आणि यंत्रात काहीतरी बदललं. आता क्रम नाही. फळ कुठेही, कधीही.

एकोणतीस.

म्हणजे चौतीसच्याही खाली. कविता तोंडात येते आणि हात तिच्यामागे जातो.

८ डिसेंबर

फिजिओबाईने सगळ्या वस्तूंच्या डाव्या कडेला लाल चिकटपट्टी लावली. ताटाला, आरशाला, खाटेला, जेवणाच्या टेबलाला. नियम असा की लाल पट्टी दिसेपर्यंत मान वळवत राहायचं, ती दिसल्याशिवाय घास घ्यायचा नाही. पहिला घास घ्यायला आज चार मिनिटं लागली. जेवण मात्र पुरलं.

वहीला पट्टी लावायला विसरली आहे. सांगितलं तर म्हणाली, "लावली आहे, आजोबा. शोधा." पानाची डावी कड बोटाने चाचपली. नाही. थट्टा करते आहे.

११ डिसेंबर

गुण: पस्तीस. बाई म्हणते हे पस्तीस खरे आहेत. डॉक्टर आणखी तीन आठवडे ठेवून घ्यायला तयार आहेत. हो की नाही, ते मी सांगायचं.

ही रोज वरच्या मजल्यावरून येऊन बसते, एका हाताने माझं पांघरूण सारखं करत. कण्हत नाही. "अहो, तुम्ही काय मुद्दाम केलंत?" म्हणते. मुद्दामच तर केलं होतं. विनातिकीट.

मी आज लेकीला फोन करून सांगितलं, ती खिडकीची खोली पक्की कर. मी केंद्रात जातो. जो माणूस बायकोला गाडीखाली घालतो त्याने तिच्या घरात राहू नये. लेक म्हणाली, "आईला विचारलंत?" मी म्हटलं, "तिला विचारलं तर ती नको म्हणेल, म्हणून विचारायचं नाही."

१३ डिसेंबर

हिला कळलं. काल सकाळी डावीकडून आवाज आला, "ठरवलंत?" मी हो म्हटलं. पुढे काही बोलली नाही.

आज आलीच नाही.

१५ डिसेंबर

आजही नाही. घरी सोडलं असेल तिला, एका हाताने सगळं उरकताना वेळ होत नसेल. रागही असेल. असायलाच हवा. दुपारी कुणीतरी माझा वाचायचा चष्मा पुसून ठेवला, नर्सबाई असतील.

गुण: अठ्ठेचाळीस. आज तीन फळं अशी तोडली की जी आधी दिसली आणि मग हात गेला. कविता सुचायच्या आत. कुणाला सांगू?

१८ डिसेंबर

उद्या दहाला केंद्राची गाडी. लेकीने बॅग भरली. सहा दिवस झाले, ही आलेली नाही.

वहीचं शेवटचं पान. बाई मघाशी निरोप घ्यायला आली तेव्हा मी चिडून म्हटलं, "जाण्यापूर्वी एवढी लाल पट्टी लावून दे, निदान तुझी आठवण." ती दारात थांबली. "आजोबा, बागेत वळता तसे वळा ना एकदा. हनुवटी खांद्याला." आणि गेली.

दुपारचं ऊन टेबलावर आलं होतं. मी वही उघडी ठेवली आणि वळू लागलो. पानाची कड आली. इथे वही संपते. थांबणार होतो. पण बागेत फळ नेहमी संपलं असं वाटतं त्याच्या पुढे असतं. मान दुखेपर्यंत वळलो. कड नव्हतीच ती. शिवण होती. शिवणीच्या पलीकडे कागद होता. कागदावर अक्षरं होती. आणि त्यांच्याही पलीकडे, टोकाला, लाल पट्टी.

हिचं अक्षर. गोल, थोडं उजवीकडे झुकलेलं, वाण्याच्या यादीतलं.

मागचं पान उलटलं, पुन्हा वळलो. तिथेही. त्याच्या मागेही. पहिल्या पानापर्यंत. वाचायला दोन तास लागले. ओळीचं तोंड सापडायचं नाही, मग पुन्हा पट्टीपासून सुरुवात. थोडं इथे उतरवून ठेवतो.

*४ नोव्हें.* — आले होते. दहा ते एक. तुमच्या डाव्या हाताशीच बसले होते. पाण्याचं विचारलं तर तुम्ही कंडक्टरांना नको म्हणालात. वही उशीखालून घसरली होती, उचलताना पान दिसलं. वाचणार नव्हते. वाचलं. या बाजूला कधी पोचलात तर कळेल.

*९ नोव्हें.* — चौतीस तर चौतीस. बागेतून आलात तेव्हा चेहरा लग्नातल्यासारखा दिसत होता.

*१७ नोव्हें.* — म्हणजे पाठांतर. अहो, काय हे.

*२२ नोव्हें.* — कंडक्टरभाऊंनी मलाही सांगितलं. म्हणाले, वहिनी, तुम्ही तरी बोला. मी फिजिओबाईच्या खोलीपर्यंत जाऊन परत आले. घर इतकं रिकामं वाटतं, तुम्ही कसेही आलात तरी चालेल असं वाटलं. डावीकडून मी बघेन की, मी आहेच.

*३० नोव्हें.* — सांगायला हवं होतं. उद्या त्यांचा दंड सोडायचा नाही.

त्यानंतर काही दिवस पानं कोरी. मग अक्षर बदललेलं. वाकडं, पहिलीतल्या पोरासारखं, ओळ सोडून पळणारं.

*१८ डिसें.* — डाव्या हाताने लिहिते आहे, सांभाळून घ्या. सहा दिवस अबोला धरलाय आणि तुम्ही लिहिता की मी आलेच नाही. मी तोंड मिटलं की तुमच्या लेखी मी नाही, हे मला आधी सुचायला हवं होतं. चष्मा मी पुसला. केंद्रात जायचं ते माझ्यासाठी म्हणे. मनगट माझं, तक्रार माझी नाही, मग निवाडा तुम्ही कसा केलात? गप्प मीही राहिले होते. शिक्षा एकट्याने घेऊन मोठे होऊ नका. तीन आठवडे थांबायचं असेल तर थांबू. हे वाचलंत तर मान वळवा. नाही वाचलंत तर उद्या खुशाल गाडीत बसा, मी अडवणार नाही.

मी वळलो. पट्टीच्या पुढे टेबल संपलं. टेबलापुढे खाटेचा दांडा, त्यावर लाल पट्टी. त्यापुढे खिडकी. भिंत नव्हतीच, खिडकी होती, एवढी मोठी. आणि खिडकीखाली खुर्चीत ही. गळ्यात झोळी, झोळीत प्लास्टर. मांडीवर एक संत्रं, एका हाताने सोलायचा प्रयत्न करून नखांचे ओरखडे पडलेलं. ती माझ्याकडेच बघत होती. कधीपासून बघत होती कोण जाणे.

तोंडातून सवयीने गेलं, "आत्ताच आलीस?"

"नोव्हेंबरपासून बसले आहे."

मी म्हटलं, "उद्याची गाडी परत पाठवायची. लेकीला फोन कर."

"तुम्ही करा. माझा अबोला आहे."

"मोडलास की आत्ता."

"मोडलं ते मनगट," ती म्हणाली, आणि हसताना तिचा चेहरा डावीकडून उजवीकडे आख्खा दिसला.

मी हात पुढे केला. तिने डाव्या हाताने संत्रं घट्ट धरलं, मी उजव्या हाताने साल काढू लागलो. दोनदा माझं बोट घसरलं. तिसऱ्यांदा तिने फळ थोडं उजवीकडे आणलं. मी म्हटलं, "नको. तिकडेच धर. मी येतो."